निरांजन म्हणजे विडी नव्हे

“माझ्या खोलीला आग लागली, तर खुशाल समजा, विहिरीला आग लागली!”

हे वाक्य चिंतामणाने गणपती बसल्यापासून दसऱ्यापर्यंत अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या किमान चाळीस माणसांना ऐकवलं. त्यांतल्या तीस जणांनी तर काही विचारलंही नव्हतं. कुणी नुसतं “काय मास्तर, बरं आहे ना?” म्हटलं, की चिंतामण छाती पुढे काढून थेट विहिरीवर यायचा!

खोली मुळात त्याची नव्हती, हे मात्र तो सांगायचा नाही. खोली होती त्याच्या सासऱ्यांची, मोरोपंत वकिलांची. रस्त्याकडे दार, बाजूला एक खिडकी, आणि मुख्य म्हणजे भिंतीत वीज. चिंतामणाच्या स्वतःच्या बिऱ्हाडात, दोन गल्ल्या पलीकडे, अजून कंदीलच होता; आणि त्याने तर बडनेऱ्याची मास्तरकी सोडून धंदा काढला होता बॅटऱ्या चार्ज करण्याचा! सन अठ्ठावन्नची गोष्ट. खेड्यापाड्यांत वीज पोचली नव्हती, पण रेडिओ पोचला होता. तो चालायचा मोटारीच्या असते तसल्या जडशीळ बॅटरीवर. महिन्याभरात बॅटरी उतरली, की गाणारा रेडिओ दमेकरी म्हाताऱ्यासारखा कण्हायला लागायचा. मग बॅटरी बैलगाडीत नाहीतर एसटीच्या टपावर घालून अमरावतीला आणायची, दोन दिवस विजेला लावायची आणि ताजीतवानी करून परत न्यायची. ही विद्या चिंतामणाने अकोल्याच्या एका मोटार-गॅरेजात आठ रविवार उभं राहून मिळवली होती. आठ रविवारांत मिळते तेवढी.

मोरोपंतांनी खोली दिली, ती अट घालून. वकील ते!

“चिंतामणराव, दसऱ्यापर्यंत खोली वापरा. तोवर घराला इजा झाली नाही, तर दसऱ्याला किल्ली कायमची तुमच्या हातात. झाली, तर खोली होमिओपॅथीच्या डॉक्टरांना. ते बिचारे वर्षभर मागून राहिले.”

होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी आजवर काही पेटल्याचं ऐकिवात नव्हतं. स्पर्धा कठीण होती!

“आणि एक सांगा,” मोरोपंतांनी चष्म्यावरून पाहत उलटतपासणी घेतली, “या तुमच्या बॅटरीतून भडका-बिडका काही उडत नाही ना?”

आता खरं उत्तर चिंतामणाला ठाऊक होतं. बॅटरी चार्ज होताना आतलं तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, पाणी भातासारखं रटरटतं आणि त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण ठिणगी दिसली की तो बंदुकीसारखा उडतो. अकोल्याच्या मिस्त्रीने पहिल्याच रविवारी हे शिकवलं होतं. पण खरं सांगितलं असतं, तर खोलीत त्याच संध्याकाळी साबुदाण्याच्या गोळ्या आल्या असत्या.

“छे हो, मामासाहेब! नुसतं पाणी असतं त्यात. फक्त विडीचा वास तेवढा बॅटरीला सोसत नाही. जातीची नाजूक असते.”

झालं! हे एवढंसं खोटं. तिळाएवढं. आणि त्याच्या रक्षणासाठी चिंतामणाने केवढा बंदोबस्त केला! दारावर पाटी लावली: ‘येथे विडी ओढू नये.’ कोपऱ्यात वाळूची बादली ठेवली, शेजारी पाण्याची. घरातल्या बायकांना जमवून ताकीद दिली: विडीचा वास नको, बॅटरी बिघडते. त्याची बायको सिंधू हे सगळं इतक्या भक्तीने ऐकत होती, की जणू सत्यनारायणाची पोथी चालली आहे. त्याला वाटलं, बायकांना वायूबियूच्या भानगडी सांगून काय करायचंय? नियम कळला म्हणजे झालं.

महिना-दीड महिना सगळं सुरळीत चाललं. सिंधू रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि गिऱ्हाईक सांभाळायची. विडीच्या बाबतीत तर ती जकातनाक्यावरच्या शिपायापेक्षा कडक निघाली! चांदूर बाजाराकडचे शेतकरी नत्थुजी बॅटरी घेऊन आले, की ती आधी त्यांच्या कानामागची विडी काढून ओट्यावर ठेवायला लावायची.

“वैनी, पेटवली तं नाई अजून!”

“नत्थुजी, वासही नको.”

“बापा! बॅटरी हाये का नवी नवरी हाये?”

अशी उजाडली खंडेनवमी. दसरा दुसऱ्या दिवशी, म्हणजे किल्ली एका रात्रीवर आलेली! खंडेनवमीला प्रत्येकजण आपापल्या हत्यारांची पूजा करतो आणि त्यांना सुट्टी देतो. सुतार करवत उचलत नाही, शिंपी सुईत दोरा ओवत नाही. पण चिंतामणाच्या टेबलावर सात बॅटऱ्या ओळीने विजेला लावलेल्या होत्या, सगळ्यांची बुचं उघडी, आणि सातही जणी आत रटरटत होत्या.

“अहो, आज तरी हत्यारं बंद ठेवा,” सिंधू म्हणाली.

“अगं, हत्यार मी कुठे चालवतोय? वीज चालवतेय. मी तर बसलोच आहे! आणि नत्थुजी आज बॅटरी न्यायला येणार. दसऱ्याला त्यांच्या घरी रेडिओ वाजायला नको? बरं, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी संपलंय. गॅरेजातून घेऊन येतो. तोवर कुणाला विडी ओढू देऊ नकोस!”

आणि सायकलवर टांग मारून तो निघून गेला. मागे राहिली सिंधू आणि तिचं प्रेम. आता तुम्हीच सांगा, नवऱ्याने नवा धंदा काढलाय, त्याची हत्यारं टेबलावर मांडलेली आहेत, खंडेनवमी आहे, आणि उद्या किल्ली मिळायची आहे. अशा वेळी कुठली बायको हात बांधून बसेल?

चिंतामण पाण्याची बाटली घेऊन परत आला, तेव्हा खोलीचं दार बंद, खिडकी बंद, आणि आतून टाळ्यांच्या तालावर देवीची आरती! त्याने सायकल तिथेच टाकली. दार ढकललं, तो काय! सातही बॅटऱ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर कापसाचं वस्त्र. समोर रांगोळी. मोरोपंत दसऱ्याच्या आधीच दसऱ्याचा पांढरा कोट घालून उभे, सासूबाई नव्या लुगड्यात, नत्थुजी धोतराचा सोगा सावरून हात जोडलेले. आणि मधोमध सिंधू, नागपुरी काठांचं कोरं लुगडं नेसलेली. हातात तबक, तबकात कापूर, आणि शुद्ध तुपाची पाच निरांजनं!

“सिंधू! दार का लावलंय?”

“वाऱ्याने निरांजनं विझत होती ना!” ती हसून म्हणाली. “बरं झालं, वेळेवर आलात. आता ओवाळायचंच राहिलंय.”

“अगं पण... ही पाटी!”

“पाटीवर विडी लिहिलंय हो. निरांजन म्हणजे काही विडी नव्हे! उलट म्हटलं, बॅटरीला वास सोसत नाही, तर कापूर लावावा. हवा शुद्ध होते.”

तिचं काय चुकलं? त्याने पढवलेल्या कायद्याप्रमाणे ती शंभर टक्के बरोबर होती! मोरोपंतांनीसुद्धा मान डोलावली. वकिलाला कलमाचा अर्थ पटला होता.

आता चिंतामणाने काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं, ‘दिवे बाहेर न्या, वायू पेटेल!’ पाच शब्द. पण समोर मोरोपंत उभे होते, आणि किल्ली एका रात्रीवर होती. हे पाच शब्द म्हणजे कबुलीजबाब! त्याने वेगळा उपाय काढला. पुढे झुकला आणि गाल फुगवून निरांजनावर फुंकर घातली.

“अहो!” सासूबाई किंचाळल्या. “देवाचा दिवा तोंडाने फुंकता? नवमीच्या दिवशी?”

“नाही, म्हणजे... माशी बसली होती.”

“ज्योतीवर माशी?” मोरोपंतांनी विचारलं.

“मग आपण आरती अंगणात करू ना! मोकळं, प्रशस्त...”

“मांडलेली पूजा हलवतात होय?” सासूबाईंनी निकाल दिला. “सिंधू, ओवाळ गं तू. यांना उन्हाचा त्रास झालेला दिसतो.”

आणि सिंधूने ओवाळलं. पहिला फेरा पहिल्या बॅटरीवरून गेला. दुसरा दुसरीवरून. तिसरी नत्थुजींची.

धडाम्!

आवाज असा झाला, की समोरच्या झाडावरचे कावळे थेट राजापेठेपर्यंत गेले असतील! नत्थुजींच्या बॅटरीचं झाकण आढ्याला जाऊन चिकटलं, झेंडूच्या पाकळ्या घरभर उडाल्या, आणि सगळ्यांच्या अंगावर बारीक तुषार उडाले. गुलाबपाण्यासारखे. कापसाची वस्त्रं भक्कन पेटली, त्यावरून माळा धुमसायला लागल्या.

“वाळू! वाळू टाका!” असं ओरडत चिंतामण धावला आणि त्याने विजेचं बटण बंद केलं. मोरोपंतांनी वाळूची बादली उचलली. बादली रिकामी!

“ती मी शेंगा भाजायला नेली,” सासूबाई कोपऱ्यातून बोलल्या. “उपासाला लागतात ना.”

मोरोपंत पाण्याच्या बादलीकडे वळले, पण तेवढ्यात नत्थुजींनी ज्या पोत्यात बॅटरी न्यायची, तेच ओलं करून आगीवर दाबलं. दोन मिनिटांत धूर तेवढा उरला. चिंतामणाने एकेकाला ओढून अंगणात नेलं, तोंडावर, डोळ्यांवर घागरीने पाणी ओतलं. देवाची कृपा, कुणाच्या डोळ्याला काही झालं नाही. सिंधूच्या हातात रिकामं तबक होतं.

“जावईबापू,” मोरोपंत दम खात म्हणाले, “हे काय होतं?”

चिंतामणाने नत्थुजींकडे बोट दाखवलं. “नत्थुजींची बॅटरी जुनी आहे, मामासाहेब. तिचा दोष.”

“माही बॅटरी?” नत्थुजी म्हणाले. “दिवाळीलेच तं घेतली जी!”

“मागच्याच दिवाळीला ना? म्हणजे जुनीच!”

“आणि हे अंगावर उडालं ते?”

“ते... बॅटरीचं पाणी.”

“यातून आणखी काही व्हायची भीती? काही सांगायचं राहिलं का?”

त्या क्षणी चिंतामणाची नजर मोरोपंतांच्या पांढऱ्या कोटावर गेली. त्यावर मोहरीएवढे ओले ठिपके होते. शेकडो. ते पाणी नव्हतं, तेजाब होतं. तेजाबाची रीत अशी, की सुती कापडावर ते गुपचूप बसतं. डाग नाही, भोक नाही, काही नाही. सुकत जातं तसं आतल्या आत सूत खातं, आणि कापड धुण्याच्या पाण्यात पडलं की सगळं उघड होतं. उपाय सोपा होता. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लगेच त्यात कपडे बुडवले असते, तर निम्मे तरी वाचले असते. पण सोडा मागायचा म्हणजे तेजाबाचं नाव काढायचं!

“नाही, मामासाहेब. काही राहिलं नाही.”

मोरोपंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “प्रसंगावधान दाखवलंत हो. वीज लगेच बंद केलीत. घराला इजा नाही, माणसाला इजा नाही. अट पाळली गेली!”

आणि दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मोरोपंतांनी चारचौघांत किल्ली त्याच्या हातात ठेवली. चिंतामणाने वाकून नमस्कार केला. नमस्कार करताना त्यांच्या कोटाकडे मात्र बघितलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बुधाजी येऊन कपड्यांचा गठ्ठा घेऊन गेला. बुधाजी म्हणजे घरचा वरठी, कपडे धुणारा. बावीस वर्षं या घरचे कपडे त्याच्याच भट्टीत उकळत होते. मोरोपंतांच्या भरवशावर गावातल्या आणखी आठ वकिलांचे कोट त्याच्या हाताखाली आले होते. वकिलांच्या कोटाला बुधाजीची इस्त्री असली, की कोर्टात बेलिफसुद्धा अदबीने वागतो, अशी त्याची ख्याती!

कोजागिरीच्या आदल्या दिवशी बुधाजी गठ्ठा घेऊन परत आला. चिंतामण ओसरीवर बसून ताक पीत होता. मोरोपंतांनी धोतर उलगडलं आणि उजेडासमोर धरलं.

“बुधाजी, हे काय आहे?”

“धोतर हाये, मालक.”

“धोतर? यातून मला अंगणातला कडुलिंब दिसतोय! फांद्या मोजता येताहेत!”

मग कोट निघाला. छातीवर सप्तर्षींसकट अख्खं आकाश! सासूबाईंच्या लुगड्याची चाळणी झालेली. सिंधूच्या कोऱ्या लुगड्याचं तर विचारूच नका. नागपुरी काठ रेशमी, म्हणून ते शाबूत. मधलं सुती अंग हात लावताच कोळिष्टकासारखं सुटत होतं. दोन काठ उरले होते, आणि मधे लुगड्याची आठवण!

मोरोपंतांचा आवाज चढला. असा आवाज कोर्टात फक्त खुनाच्या खटल्यात चढायचा. “बावीस वर्षांचा विश्वास! भट्टीत काय टाकलंस? चुना? का इस्त्रीचे निखारे उडवलेस?”

“मालक, मी भट्टीत काई टाकलं नाई. रोजच्यासारखे धुतले.”

“मग काय हे कपडे आपणहून झिजले? बुधाजी, उद्यापासून या घरचे कपडे नेऊ नकोस. आणि बाररूममधेही सांगतो मी सगळ्यांना!”

बुधाजीने पागोटं सारखं केलं. एकदा, एकदाच, त्याने चिंतामणाकडे पाहिलं. चिंतामणाने ताकाचा पेला उचलला आणि तोंड त्यात लपवलं. पेला रिकामा होता. तरी तो पीत राहिला. बुधाजी पायऱ्या उतरून गेला.

चिंतामण खोलीत जाऊन बसला. किल्ली कमरेला होती, बॅटऱ्या रटरटत होत्या, आणि गिऱ्हाईक येत होतं. सगळं हवं तसं झालं होतं. तरी त्याने एकाच बॅटरीत दोनदा पाणी घातलं.

दुपारी सिंधू डबा घेऊन आली. डबा एकाच माणसाचा होता.

“तू जेवलीस?”

“मी पौर्णिमेपर्यंत एकभुक्त आहे.”

“का गं?”

“मी ओवाळताना असा भडका उडाला. देवीचा कोप झाल्याशिवाय का होईल? माझ्याच हातून काही पाप झालं असेल.” ती टेबल पुसत राहिली. “असं पाच दिवस वाटत होतं. आज सकाळपासून वाटत नाही.”

“म्हणजे?”

“मी कपडे मोजले. गठ्ठ्यात बावीस कपडे होते. सात फाटले, पंधरा धड आहेत. चादरी धड, अभ्रे धड, बाबांचं आदल्या दिवसाचं धोतर धड. फाटलेले सातही नवमीला आरतीत अंगावर होते. बुधाजीच्या भट्टीला काय माहीत, आरतीला कोण उभं होतं?”

चिंतामणाने डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

“ते पाणी नव्हतं ना?” तिने विचारलं.

“नाही.”

“आणि विडीचा वास?”

“तसं काही नसतं. वायू निघतो. ठिणगीने उडतो. मग विडी काय आणि निरांजन काय.”

सिंधूने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, “मला एवढं सांगितलं असतंत, तर मी तिथे पाच निरांजनं नेली असती का? मी तर पाटी राखत बसले होते. शब्दन् शब्द.” डबा तिथेच ठेवून ती निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही.

चिंतामणाने दाराला कुलूप लावलं आणि थेट आंबा नाल्याकाठचं बुधाजीचं घर गाठलं. बुधाजी दारात बसून थंड पडलेली इस्त्री पुसत होता. भट्टी विझलेली होती.

“बुधाजी, ते कपडे... तुमची चूक नव्हती.”

“माह्यित हाये, जवाईबापू.”

“काय माहीत आहे?”

“तेजाब होतं. तेजाबाचं भोक अलग असते, त्याची कोर पिवळी पडते. तुमचे पायजमे दीड महिन्यापासून मीच धुवून राहिलो ना? दर हप्त्याले एकदोन भोकं. ठिगळं माह्या घरचीनं लावले. तुमाले दिसले नाई?”

चिंतामणाला खरंच दिसली नव्हती. त्याला वाटायचं, पायजमे टिकाऊ आहेत!

“मग तुम्ही मामासाहेबांसमोर बोलले काहून नाहीत?” घाईत त्याच्या तोंडून पुस्तकी मास्तरकी गळून पडली.

बुधाजीने इस्त्री खाली ठेवली. “तुमी सामने बसले होते ना. मले वाटलं, आता तुमीच बोलसान.”

चिंतामण आल्या पावली परत फिरला.

संध्याकाळी चिंतामण मोरोपंतांसमोर उभा राहिला आणि सगळं ओकला. वायू, तेजाब, विडीचं खोटं, सोड्याचं गिळलेलं वाक्य, नत्थुजींच्या निर्दोष बॅटरीची बदनामी. शेवटी कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्याला वाटलं होतं, कबुलीने वकिलाचं मन द्रवेल.

मोरोपंतांनी किल्ली उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. तो भोकांचा कोट होता. किल्ली खिशातून थेट जमिनीवर पडली. त्यांनी ती पुन्हा उचलली आणि या वेळी मुठीत ठेवली. एरवी चिंतामणाला हसू आलं असतं.

“खोली परत घेतो. स्फोट झाला म्हणून नाही. कोट गेला म्हणूनही नाही. कोट दुसरा शिवता येतो. पण मी एका निरपराध माणसाला तुमच्यासमोर बोलत होतो, चिंतामणराव, आणि तुम्ही ताक पीत होता.”

‘पेला रिकामा होता’ असं सांगावं असं चिंतामणाला क्षणभर वाटलं. सुदैवाने तो गप्प राहिला. गप्प राहण्याची ही एवढीच वेळ बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरोपंत वकील तोच भोकांचा कोट घालून, भर बाजारातून चालत बुधाजीच्या घरी गेले. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते, “हे आमच्या घरी झालं. बुधाजीकडे नाही.” पुरावा अंगावर घालून फिरणारा वकील अमरावतीने पहिल्यांदाच पाहिला! बुधाजीने त्यांना खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि कपडे पुन्हा न्यायचं कबूल केलं. एकच म्हणाला, “मालक, सगळ्याईचे धुतो. जवाईबापूचे मात्र नाई धुत. रागानं नाई जी. माह्यी भट्टी भेते.”

तेव्हापासून चिंतामण आपले कपडे आपणच धुतो. दर रविवारी, विहिरीवर, साऱ्या गल्लीच्या साक्षीने. कुणी कारण विचारलं, तर कारण सांगतो. विहिरीला आग लागण्याची गोष्ट मात्र पुन्हा काढत नाही.

खोलीत होमिओपॅथीचे डॉक्टर आले. सिंधूने बापाची समजूत घातली, म्हणून मागच्या अंगणात, गुरांच्या रिकाम्या छपराखाली एक तार ओढून मिळाली. तिन्ही बाजू उघड्या. पाऊस येतो, वारा येतो, कधी बकरीही येते. वायू मात्र साठत नाही. गिऱ्हाइकाला मागच्या बोळातून यावं लागतं, तरी येतात. सिंधूही येते. डबा आता दोघांचा असतो, पण ती नवऱ्याच्या प्रत्येक नियमाला आधी “का?” विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

आणि चिंतामणाला सांगण्याचा असा सोस लागलाय, की विचारू नका! वायू कसा निघतो, तो का पेटतो, बुचं का उघडी ठेवायची, डोळ्यांत तेजाब गेलं तर किती वेळ पाणी मारायचं, कपड्यावर पडलं तर सोडा कसा लावायचा, विडी, चिमणी, उदबत्ती, कापूर, निरांजन. एकेकाला अर्धा-अर्धा तास! बोलताना त्यालाच वाटतं, त्या पाच दिवसांत यातलं एक वाक्य तोंडातून निघालं असतं, तर! बायकोचं लुगडं... जाऊ द्या.

परवा नत्थुजी त्यांची नवी बॅटरी न्यायला आले. फुटलेल्या बॅटरीच्या बदल्यात चिंतामणाने स्वतःच्या पैशाने घेऊन दिलेली. उभ्याउभ्या त्यांनी वायू ऐकला, तेजाब ऐकलं, सोड्यापर्यंत कसाबसा धीर धरला. मग पोतं खांद्यावर टाकलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “बॅटरी द्या आन् मले जाऊ द्या. भाषनं आयकाले तं रेडू हाये ना घरी!”